घरातल्या हवेची वही



मागच्या नोंदीत हरभऱ्यावरच्या मर रोगाचं लिहिलं होतं. आज शेतातलं काही नाही, घरातलं लिहितो. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण यात चूक माझीच जास्त आहे, म्हणून हात मागं येत होता. परवा गावात एका घरी गव्हाच्या कोठीला लागून लेकरू झोपलेलं पाहिलं. कोठीत गोळ्या टाकलेल्या. तिथं जे बोलायचं ते बोललो, आणि घरी येऊन लिहायला बसलो.

२०२२-२३ चा हंगाम आठवा. त्याच्या आदल्या वर्षी कापसानं दहा हजार ओलांडले होते. त्यामुळं त्या वर्षी आठ-साडेआठला कुणी कापूस काढायला तयार नव्हतं. आपल्या हदगाव तालुक्यातच नाही, सगळ्या मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. मीपण ठेवला. बावीस क्विंटल, समोरच्या खोलीत, पार छताला टेकवून. भाव वाढायचा सोडून उतरतच गेला आणि मे महिन्यात सात हजाराच्या आसपास आला. ते दुःख सगळ्यांचंच आहे, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही.

पण त्या पाच महिन्यांत घरातली माणसं राहिलेल्या दोन खोल्यांत झोपत होती. अंगाला खाज सुटायची, नातवाच्या मानेवर पुरळ आलं. आणि आमच्या मंडळीचा खोकला, जो दर हिवाळ्यात यायचा आणि जायचा, तो यावेळी गेलाच नाही. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली.

नांदेडला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, तीन वेळा. कागद निघाला. मग मला विचारलं, "बिडी-सिगारेट कोण ओढतं घरात?" मी म्हटलं, कुणीच नाही. मग तिला विचारलं, "चूल किती वर्षांपासून?" ती म्हणाली, "लगीन झालं तवापासून. त्याच्या आधी मायच्या घरी." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, सीओपीडी. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं. म्हणाले, औषधानं त्रास कमी होईल, पण जे गेलं ते परत येणार नाही. आता राहिलेलं सांभाळा.

मंडळी, मी पावसाची नोंद ठेवतो. सोयाबीनचा ओलावा मोजून बाजारात नेतो. माती परीक्षणाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. पण घरातल्या हवेत काय आहे हे कधी मोजावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

पुतण्या पुण्याला नोकरी करतो. त्याच्याकडं हवेचा छोटा मीटर होता, हातात मावेल एवढा. हवेतल्या बारीक कणांचा आकडा दाखवतो, ज्याला पीएम २.५ म्हणतात. हे कण केसाच्या जाडीच्या वीस-तीसाव्या भागाएवढे असतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. सोबत कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि ओलावाही दाखवतो. तो म्हणाला, "काका, महिनाभर ठेवा. नुसतं बघू नका, लिहून ठेवा." तेच तर आपल्याला येतं. पावसाच्या वहीच्या मागच्या पानापासून सुरू केलं.

त्या वहीतले काही आकडे (मायक्रोग्रॅम दर घनमीटरला):

• पहाटे ५, चूल पेटायच्या आधी, स्वयंपाकघर: ४६
• चूल पेटवताना, पऱ्हाटी थोडी ओली: ९९९ (मीटर इथंच अडकतो, पुढं आकडाच नाही)
• भाकरी चालू असताना, चुलीजवळ: ५१०
• चूल विझल्यावर एका तासानं, शेजारच्या खोलीत: १९०
• गॅसवर मिरचीची फोडणी: १४०
• कापसाच्या खोलीत, कापूस खालीवर करताना: ४३०
• कॉईल लावून, दार-खिडकी बंद, रात्री ११: ३६०
• वावरात, दुपारी ऊन पडल्यावर: ३८

आता हे जास्त का कमी? आपल्या देशाची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० आहे, २००९ पासून, आणि ती बाहेरच्या हवेसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ सांगितली. म्हणून एका क्षणाचा आकडा बघून घाबरायचं नाही, सरासरी काढायची. मीटर मोबाईलला जोडला की सगळे आकडे साठतात. मी एक दिवस तो पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ दिला.

माझ्या दिवसाची सरासरी आली ५४. तिची १८६.

एकाच घरात राहतो, एकाच ताटातलं खातो. पण मी वावरातली हवा घेतो आणि ती चुलीची. तिला आकडा दाखवला तर म्हणाली, "पंधरा वर्सं झाले, डोळे झोंबायलेत म्हणून सांगायले मी. तवा तुम्हाला ऐकू आलं नाही. आता डबी बोलली की लगेच कळालं." याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. अजून नाही.

पंधरा वर्षं का म्हणाली ते सांगतो. आमचं जुनं घर माळवदाचं. वडिलांनी स्वयंपाकघराच्या बरोबर वर माळवदाला सानं ठेवलेलं होतं. उजेड यायचा आणि धूर तिथून सरळ वर जायचा. पावसाळ्यात त्यावर पत्रा सरकवायचे. त्या घरातही धूर होताच, भिंती काळ्या होत्या, पण त्याला वाट होती. मी घर पाडून स्लॅब टाकला. मिस्त्री म्हणाला, छताला भोक ठेवलं की गळतं. ठेवलं नाही. खिडकी एकच, तीपण गोठ्याच्या बाजूला, डासामुळं कायम बंद. चूल मात्र तीच.

आपण वावरात पाणी साचलं तर काय करतो? चर काढतो. पाण्याला वाट नसली की जमीन चिबडते, मुळं गुदमरतात, पीक पिवळं पडतं. हे पाचवीतल्या पोराला कळतं. मी माझं स्वयंपाकघर चिबडवलं आणि वर फरशी बसवून त्याला पक्कं घर म्हटलं.

बिनधुराची चूल ही काही आजची गोष्ट नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी मगन चूल काढली होती. १९५३ मध्ये हैदराबादच्या इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीतले एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तकच लिहिलं. तेव्हा आपला नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. पुढं १९८३ च्या सुमारास सुधारित चुलीचा सरकारी कार्यक्रम आला. मी पोरगा होतो, आमच्या गल्लीत चार घरी निर्धूर चुली बसवलेल्या आठवतात. दोन वर्षांत पाईप काजळीनं भरले, कुणी झाडले नाहीत, आणि धूर परत घरात. २०१६ पासून उज्ज्वलाची टाकी आली. ते चांगलंच झालं. पण मार्च २०२३ ला टाकी अकराशेच्या वर होती आणि पऱ्हाट्या, तुराट्या बांधावर फुकट पडलेल्या. मग चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी, गुरांचं शिजवणं चुलीवर. बहुतेक घरी असंच चालतं. २०१९ साली देशात घरातल्या धुरामुळं सुमारे सहा लाख माणसं वेळेआधी गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज छापून आलेला आहे. त्यात सगळे म्हातारे नसतात.

कापसाचंही सांगतो. पूर्वी सूतगिरण्यांतल्या कामगारांना कापसाच्या धुळीनं छातीचा आजार व्हायचा. त्याला बिसिनोसिस म्हणतात. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की छाती आवळायची. आपल्या घरात कापूस पिंजत नाहीत, त्यामुळं तेवढी धूळ नसते. पण वेचणीच्या कापसात पानाचा चुरा असतो, बोंडाची टरफलं असतात, ओल लागली तर बुरशी असते. हलवला की सगळं हवेत. निरोग्या माणसाला शिंका येतात. ज्याची छाती आधीच अधू आहे त्याचा जीव कासावीस होतो.

आणि कॉईल. २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एका कॉईलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. आम्ही खिडकी बंद करून रोज एक जाळत होतो, नातवाला डास चावू नये म्हणून.

दोन गोष्टी मीटर वापरणाऱ्यांसाठी. एक, धुक्याच्या सकाळी वावरात मीटरनं १६० दाखवले. मी म्हटलं, घरापेक्षा वावर वाईट झालं की काय. मग कळलं की हवेत ओलावा फार असला की हे स्वस्तातले मीटर पाण्याच्या बारीक थेंबांनाही धूळ समजतात. ओलावा ८५ च्या वर असेल तर तो आकडा वहीत वेगळ्या खुणेनं लिहा. दोन, कार्बन डायऑक्साइड बघत जा. मोकळ्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो. आमच्या बंद खोलीत पाच माणसं झोपली की पहाटे २३०० व्हायचा. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की खोलीतली हवा बदललेली नाही, सगळे एकमेकांचा श्वास घेतायत. सकाळी उठल्यावर डोकं जड का राहायचं ते तेव्हा कळलं.

आता मुख्य गोष्ट. याच्यासाठीच लिहायला बसलो.

मार्च महिना होता. नवीन गहू आला होता. कोठीत भरला आणि सोंडे लागू नयेत म्हणून गोळ्या टाकल्या. कोणत्या ते सगळ्यांना माहीत आहे. धान्यात ठेवायच्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या. चार गोळ्या फडक्यात बांधून गव्हात पुरल्या, झाकण लावलं, वर ओली माती लिंपली. दरवर्षी असंच करायचो. पण दरवर्षी कोठी समोरच्या खोलीत असायची. त्या वर्षी तिथं कापूस होता, म्हणून कोठी मधल्या खोलीत आली. मधल्या खोलीत माय झोपते. नातू रोज तिच्या कुशीत असतो. त्या रात्री तो आजोळी होता.

रात्री दोन-अडीचला मायनं हाक मारली. उठवत नव्हतं तिला. डोकं गरगरतंय म्हणाली, दोन वेळा उलटी झाली. खोलीत लसणासारखा कुबट वास होता. मला आधी वाटलं, रात्रीच्या चटणीचा. मीटर तिथंच देवळीत होता. मी त्याच्याकडं बघितलं. २८. हिरवा दिवा.

खोटं सांगत नाही, तो हिरवा दिवा बघून मी पाच मिनिटं घालवली. हवा चांगली आहे म्हणजे पित्त झालं असेल, असं म्हणत पाणी द्यायला गेलो. सूनबाईनं दारातून वास घेतला आणि ओरडली, "मामा, गोळ्या!" मग आजीला बाजेसकट अंगणात काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, आणि गाडी करून हदगावला नेलं. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. माय वाचली. डॉक्टर म्हणाले, या विषाला उतारा नाही, फक्त शरीराला आधार देत राहायचा. अजून दोन तास झाले असते तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ही गोळी हवेतल्या ओलाव्यानं फुटते आणि फॉस्फीन वायू सोडते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो. लिंपलेल्या ओल्या मातीनं तो थांबत नाही. फटीतून, पोत्यातून, दाराखालून निघतो. वास येईलच याचा भरवसा नाही. आणि हा वायू आहे, कण नाही. कण मोजणाऱ्या मीटरला तो दिसतच नाही. तसंच थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवली तर होणारा कार्बन मोनॉक्साइड या मीटरला दिसत नाही. बाजेखाली ठेवलेल्या फवारणीच्या डब्यांची वाफ दिसत नाही. पावसाच्या मापकात ऊन मोजता येत नाही, तसंच ते. चूक मीटरची नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं ते त्यानं सांगितलं असं मी धरून बसलो.

या गोळ्या साध्या माणसाला विकायच्याच नाहीत, प्रशिक्षण घेतलेल्या लोकांनी माणसं राहत नाहीत अशा बंद गोदामात वापरायच्या, असा नियम आहे. आपल्याकडं त्या कशा मिळतात हे आपल्याला माहीत आहे. २०१७ मध्ये पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. तोंडाला रुमाल बांधून फवारायला शिकलो. आणि रात्री त्याच औषधाच्या डब्यांवर बाज टाकून झोपलो.

त्यानंतर आम्ही केलं ते असं:

१) धान्यात गोळ्या बंद. गहू, ज्वारी, हरभरा कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचा, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. ओलावा दहाच्या आत आला की किडीची वाढ फार मंदावते. खायचं धान्य हवाबंद पिशव्यांत भरतो. आतल्या किडी आतला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात. पिशवीला उंदरानं भोक पाडलं की खेळ खलास, म्हणून पिशव्या पत्र्याच्या कोठीत ठेवतो.

२) फवारणीचे डबे गोठ्यापलीकडच्या शेडात, कुलपात. कापूस आणि हळदीचे कट्टेपण तिथंच. शेडाला पस्तीस हजार लागले, जुने पत्रे घरचे होते. भाव नसेल तर कापूस ठेवावा लागतो, ते आपल्या हातात नाही. कुठं ठेवायचा ते आहे.

३) चूल मागच्या पडवीत नेली. घरातला आकडा लगेच उतरला, स्वयंपाकाच्या वेळी साठ-सत्तर. मी खूश झालो. ती म्हणाली, "चूल बाहीर गेली, मी बी बाहीरच गेले की." चुलीजवळ मीटर ठेवला तर ३२० होता. धूर घरातून गेला होता, तिच्या तोंडासमोरून नाही. मग चार इंची सिमेंटचा पाईप लावून धुराडं काढलं, पत्र्याच्या वर तीन फूट. आता तिथं १०० ते १३० असतो. दर अमावास्येला पाईप झाडायचा, हे माझं काम. निर्धूर चुलीचं काय झालं ते लहानपणी बघितलंय.

४) जळण कोरडं. पावसाळ्यासाठी पऱ्हाट्या मे महिन्यातच शेडात. ओलं जळण म्हणजे दुप्पट धूर.

५) स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा. आधी खिडकीच्या वरच बसवला. खिडकीतून हवा यायची आणि तिथूनच पंख्यातून जायची, फोडणीचा धूर मात्र जागेवर. चराचं तोंड चुकलं की पाणी निघत नाही, तसं. पंखा समोरच्या भिंतीत नेला, मग फरक पडला.

६) कॉईल बंद, मच्छरदाणी चालू. खिडक्यांना जाळी बसवली. आता रात्री खिडकी उघडी राहते. पहाटेचा कार्बन डायऑक्साइड ८०० च्या आत आला.

सगळं जमलं असं नाही. तिच्या दिवसाची सरासरी आता सत्तरच्या आसपास आहे, साठच्या आत नाही. हिवाळ्यात श्वासाची फवाऱ्याची दवा घ्यावीच लागते. जिना चढताना ती अजून थांबते, पण शेवटच्या पायरीवर. भाकरी गॅसवर कर म्हणतो तर मायला ती गोड लागत नाही, आणि ती म्हणते, "सासूबाई हायेत तवर चुलीवरच." त्यात मी बोलत नाही. अंघोळीचं पाणी तापवायचं काम मात्र मी घेतलं. पहाटे बंबापाशी मी बसतो. पहिल्या आठवड्यात माझेच डोळे लाल झाले, तेव्हा ती नुसती हसली.

मीटर पुण्याला परत गेला. वही आहे. ज्यांना मीटर घ्यायचा त्यांनी जरूर घ्या, दोन-चार घरांत मिळून एक पुरतो. पण त्याच्या आधी एक काम फुकटात होतं. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना दहा मिनिटं चुलीपाशी जाऊन बसा, आणि जी तिथं रोज बसते तिला विचारा, कसं वाटतं. मग घरात फिरून बघा, ज्या खोलीत माणूस झोपतो तिथं झोपण्याशिवाय आणखी काय ठेवलंय.

आणि कोठीत गोळ्या असतील तर आजच्या आज माणसं त्या खोलीतून बाहेर काढा. दार-खिडक्या उघडा, खोली रिकामी राहू द्या. डोकं दुखणं, मळमळ, छाती आवळणं यातलं काही असेल तर पित्त म्हणून थांबू नका, दवाखान्यात न्या आणि गोळ्यांचं नाव सांगा. कुठलाही दिवा हिरवा असला तरी.

तुमच्या भागात धान्य कसं साठवतात, गोळ्यांशिवाय काय चालतं, ते कळवा. पुढच्या नोंदीत हळद शिजवणीचं लिहीन.

राम राम.